नव्या हंगामाचें भाकीत

मृगाच्या आधीं शेतकरी आभाळाकडे पाहतो, खरेदीच्या आधीं कापसाचा व्यापारी तेजीमंदीचा अदमास घेतो, आणि परीक्षेच्या आधीं विद्यार्थी कोणते प्रश्न येतील याचा तर्क बांधतो. तिघांच्याहि मनांत एकच इच्छा असते : जें अजून घडलेलें नाहीं, त्याची चाहूल आगाऊ लागावी. युरोपांत मोटारींच्या शर्यतींचा ज्यांना नाद आहे, अशा लोकांत ही इच्छा हिवाळ्यांत विशेष प्रबळ होते. शर्यती त्या वेळीं थांबलेल्या असतात. कारखान्यांच्या बंद दारांआड नव्या मोटारींची जुळणी चालू असते. बाहेर वर्तमानपत्रांत मात्र पहिला कोण, दुसरा कोण, याच्या याद्या छापून येतात आणि पहिल्या शर्यतीच्या दिवसापर्यंत त्या याद्यांवर वाद रंगतो.

एरव्हीं असें भाकीत करणें फारसें अवघड नसतें. ज्या संघाची मोटार गेल्या वर्षीं वेगवान होती, तिची सुधारलेली आवृत्ति याहि वर्षीं बहुधा वेगवानच निघते. खरी कसोटी लागते ती नियम बदलतात तेव्हां. या शर्यतींच्या नियमांना ‘फॉर्म्युला’, म्हणजे सूत्र, असें म्हणतात. इंजिनाचें आकारमान किती असावें, मोटारीचें वजन किती असावें, तिला पंख असावेत कीं नसावेत, हें सर्व त्या सूत्रांत बांधून दिलेलें असतें. सूत्र बदललें कीं कालची पुण्याई आज उपयोगी पडेलच असें नाहीं. अशा वर्षीं जाणत्यांचे अंदाज कां फसले, आणि क्वचित् कां खरे ठरले, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण मनुष्याची तर्कशक्ति कोठें अडखळते हें दाखविणाराहि आहे.

या इतिहासाचा आरंभ १९३२ सालच्या ऑक्टोबर महिन्यापासून करणें सोयीचें होईल. त्या महिन्यांत मोटार-क्लबांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें १९३४ पासून लागू होणारें नवें सूत्र जाहीर केलें. मोटारींचा वेग वाढत चालला होता आणि त्याला आळा घालणें मंडळाला अगत्याचें वाटत होतें. तेव्हां असा नियम करण्यांत आला कीं, चालक, पेट्रोल, तेल, पाणी आणि टायर वगळून मोटारीचें वजन ७५० किलोग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. यामागील युक्तिवाद सरळ होता. मोठें इंजिन जड असतें. वजनाला मर्यादा घातली कीं इंजिन आपोआप लहान राहील. आणि इंजिन लहान राहिलें कीं वेगहि आटोक्यांत राहील. इंजिनाच्या आकारमानावर निराळें बंधन घालण्याची गरज मंडळाला भासली नाहीं.

त्या काळीं इटलीच्या अल्फा रोमिओ आणि मासेराती व फ्रान्सच्या बुगाटी या मोटारींचा मोठा दबदबा होता. अल्फा रोमिओच्या मोटारी शर्यतींत उतरविण्याचें काम मोदेना येथील एंझो फेरारी यांच्या संघाकडे होतें. त्या मोटारी हलक्या, चपळ आणि अनेक मैदानें मारलेल्या होत्या. १९३४ साल इटलीचेंच ठरेल, असें मानण्यास त्यामुळें सबळ आधार होता. दुसऱ्या बाजूला जर्मनींतून दोन नवे प्रतिस्पर्धी येत होते. एक मर्सिडीज-बेन्झ आणि दुसरा ऑटो युनियन. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वांडरर या चार कारखान्यांच्या एकीकरणांतून १९३२ सालीं निर्माण झालेली ही दुसरी संस्था शर्यतींच्या जगाला सर्वस्वी नवखी होती. तिची मोटार फर्डिनांड पोर्शे यांनीं आखलेली असून तिचें सोळा सिलिंडरांचें इंजिन चालकाच्या पुढें नसून पाठीमागें बसविलेलें होतें. जुन्या पठडींतील माणसाला ही रचना म्हणजे गाडीच्या मागें बैल जुंपण्यासारखीच वाटावी.

१९३४ सालच्या १ जुलै रोजीं पॅरिसजवळील माँलेरी येथें फ्रान्सची ग्रां प्री झाली. जर्मन मोटारींचा आवाज आणि वेग पाहून प्रेक्षक थक्क झाले. पण शर्यत संपली तेव्हां एकहि जर्मन मोटार धांवपट्टीवर उरली नव्हती. अल्फा रोमिओनें पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, आणि लुई शिराँ विजयी झाला. भाकीत करणाऱ्यांना याहून अधिक समाधान तें कोणतें? परंतु हें समाधान दोनच आठवडे टिकलें. १५ जुलै रोजीं नुर्बुर्गरिंग येथें ऑटो युनियनच्या हान्स श्टुकनें जर्मनीची ग्रां प्री जिंकली. पुढें स्वित्झर्लंडमध्येंहि तोच विजयी झाला, आणि सप्टेंबरांत खुद्द इटलींत, मोन्झाच्या मैदानावर, मर्सिडीजनें बाजी मारली. माँलेरीला जें दिसलें होतें तें दुबळेपण नव्हतें. तो नव्या यंत्राचा बाल्यावस्थेंतील आजार होता. वेग त्या यंत्रांत पहिल्या दिवसापासून होता. टिकाऊपणा तेवढा यावयाचा होता.

यांत खरी चूक वार्ताहरांपेक्षां नियम करणाऱ्यांची होती. जर्मन अभियंत्यांनीं नियमाचा हेतु बाजूला ठेवून फक्त त्याचीं अक्षरें वाचलीं. हलके मिश्रधातु वापरून आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र झोल देऊन त्यांनीं मोटारीचा सांगाडा इतका हलका केला कीं, वांचलेलें वजन इंजिनाला देतां आलें. १९३४ सालीं मर्सिडीजचें इंजिन सुमारें साडेतीन लिटरांचें होतें. १९३७ सालीं त्याच सूत्राखालीं तें साडेपांच लिटरांच्याहि वर गेलें आणि त्याची शक्ति सहाशें अश्वशक्तीच्या घरांत पोंचली. वेगाला वेसण घालण्यासाठीं केलेल्या नियमानें तोंपर्यंतच्या सर्वांत प्रचंड शर्यती मोटारी जन्माला घातल्या. या पराक्रमामागें केवळ बुद्धि नव्हती, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. हिटलरच्या राजवटीनें या दोन्ही कारखान्यांना सरकारी द्रव्य पुरविलें, कारण शर्यतींतील विजय तिला आपल्या सामर्थ्याच्या जाहिरातीसाठीं हवे होते.

मर्सिडीजच्या संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर पुढें एक गोष्ट रंगवून सांगत असत. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशीं मोटारीचें वजन एक किलो जास्त भरलें, तेव्हां रात्रभर खपून तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि चंदेरी पत्रा उघडा पडला, अशी ती गोष्ट आहे. इतिहासकारांनीं तिच्याविषयीं पुष्कळ शंका घेतलेल्या आहेत. परंतु तिच्या लोकप्रियतेंतून एक गोष्ट दिसते. निकाल लागल्यावर प्रत्येक विजयाला एक सुबक कारण चिकटविण्याची माणसाला संवय आहे, आणि जो असें कारण मागाहून शोधतो त्याला आपण तें आधींच ओळखलें असतें असा भ्रम होतो. जर्मन वर्चस्व हा सृष्टिनियम आहे असें ज्यांना वाटूं लागलें होतें, त्यांचाहि भ्रम लवकरच फिटला. १९३५ सालच्या २८ जुलै रोजीं नुर्बुर्गरिंगवर लक्षावधि जर्मन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तात्सिओ नुवोलारीनें जुन्या अल्फा रोमिओनें जर्मनीची ग्रां प्री जिंकली. शेवटच्या फेरींत आघाडीवर असलेल्या मर्सिडीजचा टायर फुटला. पण तो फुटावा इतका पाठलाग नुवोलारीनें केला होता, हेंहि तितकेंच खरें.

महायुद्धानंतर १९५० पासून चालकांचें जागतिक अजिंक्यपद सुरू झालें, आणि सूत्रबदलाचे प्रसंग पुन्हां पुन्हां येऊं लागले. त्यांपैकीं १९६१ चा प्रसंग बोधप्रद आहे. त्या वर्षापासून इंजिनाची मर्यादा अडीच लिटरांवरून दीड लिटरावर आणण्याचा निर्णय १९५८ सालींच जाहीर झाला होता. इंग्रज संघांना तो पसंत नव्हता. तो रद्द व्हावा म्हणून त्यांनीं खटपट केली, आणि त्या खटपटींत तयारीचा अमूल्य काळ दवडला. फेरारीनें तक्रारींत वेळ न घालवितां दीड लिटरांचें इंजिन सिद्ध केलें. १९६१ सालीं फेरारीचें वर्चस्व निर्विवाद राहिलें. अमेरिकन चालक फिल हिल अजिंक्य झाला. त्या यशाला मोन्झा येथील भीषण अपघाताची काळी किनार होती. तेथें फेरारीचा दुसरा चालक वोल्फगांग फॉन ट्रिप्स आणि त्याच्याबरोबर अनेक प्रेक्षक प्राणास मुकले.

मग १९६२ चें भाकीत काय असावें? नियम तेच, संघ तोच, मोटारी त्याच. परंतु १९६१ च्या अखेरीस मुख्य अभियंते कार्लो किती, व्यवस्थापक रोमोलो ताव्होनी आणि इतर प्रमुख मंडळी एकदम फेरारी सोडून गेली होती. यादी करणाऱ्याला मोटारी मोजतां येतात. रिकाम्या झालेल्या खुर्च्या मोजण्याचें त्याला सुचत नाहीं. १९६२ सालीं फेरारीला जागतिक अजिंक्यपदाची एकहि शर्यत जिंकतां आली नाहीं. अजिंक्य ठरला तो बीआरएम या इंग्रज संघाचा ग्रॅहॅम हिल. हा संघ वर्षानुवर्षें चेष्टेचा विषय झालेला होता, आणि त्याचे मालक सर आल्फ्रेड ओवेन यांनीं या वर्षीं यश मिळालें नाहीं तर संघ बंद करूं, असा निर्वाणीचा इशारा दिला होता.

अंदाज चुकल्याचें सर्वांत रम्य उदाहरण मात्र १९६६ सालचें आहे. त्या वर्षापासून इंजिनाची मर्यादा दीड लिटरांवरून एकदम दुप्पट, तीन लिटर, करण्यांत आली. इंग्रज संघांवर तर आकाशच कोसळलें. लोटस, कूपर आणि ब्रॅबम या तिन्ही संघांना इंजिनें पुरविणाऱ्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीनें नवें तीन लिटरांचें इंजिन आपण बांधणार नाहीं, असें सांगून टाकलें. १९६५ चा अजिंक्य वीर जिम क्लार्क लोटसचा. पण त्या लोटसजवळच धड इंजिन उरलें नाहीं. कूपरनें मासेरातीचें १९५७ सालांतील बारा सिलिंडरांचें इंजिन धूळ झटकून बाहेर काढलें. बीआरएमनें आपलीं आठ सिलिंडरांचीं दोन इंजिनें आडवीं करून एकावर एक रचलीं आणि सोळा सिलिंडरांचें एक विलक्षण यंत्र उभें केलें. कागदावर तें अद्‌भुत दिसे. प्रत्यक्षांत तें अतिशय जड आणि नाजूक निघालें. जपानच्या होंडाची नवी मोटार तयार व्हावयास सप्टेंबर उजाडणार होता.

या सर्व धांदलींत एकटी फेरारीच निश्चिंत दिसत होती. बारा सिलिंडरांचीं मोठीं इंजिनें बांधण्याचा अनुभव तिच्या गांठीं होता. जॉन सर्टीझ हा १९६४ चा अजिंक्य चालक तिच्याकडे होता. इंजिनाची शक्ति ३६० अश्वशक्ति असल्याचें सांगितलें जात होतें. भाकीत करणाऱ्याला याहून ठळक उत्तर कोणतें हवें होतें?

ब्रॅबमचें नांव या यादींत फार वर येण्यासारखें नव्हतें. जॅक ब्रॅबम हा ऑस्ट्रेलियन चालक दोनदां अजिंक्य झालेला होता खरा. पण तो १९५९ आणि १९६० सालीं. स्वतःचा संघ काढल्यापासून स्वतःच्या नांवाच्या मोटारींत त्याला अजिंक्यपदाची एकहि शर्यत जिंकतां आली नव्हती, आणि १९६६ च्या एप्रिलांत त्याला चाळीस वर्षें पूर्ण झालीं. त्यानें इंजिनासाठीं हात पसरले ते मेलबर्नच्या रेप्को या कंपनीपुढें. ही कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवी. ग्रां प्रीच्या इंजिनांचा तिला अनुभव नव्हता. फिल आयर्व्हिंग या अनुभवी अभियंत्यानें इंजिन आंखलें. त्यासाठीं नवा ठोकळासुद्धां ओतला नाहीं. अमेरिकेंत ओल्ड्समोबिल या घरगुती मोटारीसाठीं बनविलेला आणि मग टाकून दिलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा घेतला आणि त्यावर आठ सिलिंडरांचें साधें इंजिन रचलें. शक्ति निघाली सुमारें ३०० अश्वशक्ति. ज्या सांगाड्यांत तें बसविलें, तो सांगाडाहि मुळांत दुसऱ्याच, कधीं न आलेल्या, क्लायमॅक्स इंजिनासाठीं रॉन टॉरनॅक यांनीं आंखला होता. न आलेल्या इंजिनाचा सांगाडा आणि टाकून दिलेल्या मोटारीचें इंजिन! अशा संसाराला कोण नांवाजणार?

परंतु या संसाराचे गुण कागदावरच्या आंकड्यांत दिसणारे नव्हते. इंजिन हलकें, म्हणून मोटार हलकी. शक्ति बेताची, म्हणून पेट्रोलहि कमी लागे. साहजिकच शर्यतीच्या आरंभीं टांकींतील ओझें प्रतिस्पर्ध्यांपेक्षां कमी असे. रचना साधी, म्हणून दुरुस्ति सोपी. आणि सर्वांत मोठा गुण हा कीं, हंगाम सुरू झाला तेव्हां हें इंजिन तयार होतें. मे महिन्यांत सिल्व्हरस्टोन येथें अजिंक्यपदाबाहेरची एक शर्यत झाली, तींत ब्रॅबमनें सर्टीझच्या फेरारीला मागें टाकून विजय मिळविला. डोळे उघडे ठेवणाऱ्याला तेवढी खूण पुरेशी होती.

तरीहि पुढील दोन शर्यतींत जुनें भाकीत बरोबर वाटावें असेंच घडलें. मोनॅकोला सर्टीझ आघाडीवर असतांना त्याची मोटार बिघडली. बेल्जियमला मुसळधार पावसांत तो विजयी झाला. पण त्याच जून महिन्यांत ल मान्सच्या शर्यतीच्या वेळीं संघाचे व्यवस्थापक एउजेनिओ द्रागोनी यांच्याशीं त्याचा खटका उडाला, आणि अजिंक्यपदाच्या मार्गावर असलेला सर्टीझ फेरारी सोडून निघून गेला. ३ जुलै रोजीं रेंस येथें फेरारीचा लोरेंझो बांदिनी आघाडीवर असतां त्याच्या मोटारीच्या प्रवेगकाची तार तुटली आणि ब्रॅबम पुढें निघून गेला. स्वतःच्या नांवाच्या मोटारींतून अजिंक्यपदाची शर्यत जिंकणारा तो पहिला चालक ठरला. त्यानंतर इंग्लंडच्या शर्यतीला इटलींतील संपामुळें फेरारी आलीच नाहीं. ब्रॅबमनें इंग्लंड, हॉलंड आणि जर्मनी येथील शर्यती ओळीनें जिंकल्या. वर्तमानपत्रें त्याला म्हातारा म्हणूं लागलीं होतीं. हॉलंडमध्यें तो खोटी दाढी लावून आणि हातांत काठी घेऊन लंगडत लंगडत मोटारीपर्यंत आला, आणि मग शर्यत जिंकून गेला. मोन्झाला त्याचें अजिंक्यपद निश्चित झालें. स्वतःच्या नांवाच्या मोटारींतून अजिंक्यपद मिळविणारा त्याच्यासारखा दुसरा चालक त्यानंतरहि झालेला नाहीं.

येथें थोडें सावधपणें बोललें पाहिजे. सर्टीझचें भांडण झालें नसतें, तार तुटली नसती, संप झाला नसता, तर फेरारी जिंकली असती काय? कदाचित् जिंकलीहि असती. फेरारी वेगवान ठरेल हें भाकीत अगदींच खोटें नव्हतें. बेल्जियम आणि इटली येथें तिनें विजय मिळविलेच. चूक झाली ती वेगाची बेरीज म्हणजेच यश असें समजण्यांत. पुढल्या वर्षीं हेंच पुन्हां दिसलें. १९६७ च्या जून महिन्यांत फोर्डच्या द्रव्यानें बांधलेलें कॉसवर्थ इंजिन लोटसला मिळालें, आणि जिम क्लार्कनें पहिल्याच शर्यतींत विजय मिळविला. त्या मोटारीच्या वेगाला तोड नव्हती. क्लार्कनें त्या वर्षीं चार शर्यती जिंकल्या. ब्रॅबमच्याच संघांतील डेनी हल्मनें फक्त दोन जिंकल्या. अजिंक्यपद मात्र हल्मला मिळालें, कारण त्याची मोटार शर्यतीमागून शर्यत मुक्कामाला पोंचत राहिली.

यानंतर चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं. मोटारींना पंख आले, वाऱ्याच्या बोगद्यांत त्यांची परीक्षा होऊं लागली, संघांत शेंकडों माणसें काम करूं लागलीं. इतक्या ज्ञानानंतर भाकीत सोपें व्हावें अशी कोणाचीहि अपेक्षा असेल. १९०० चें शतक संपून गेल्यावर, २००९ सालीं, काय झालें तें पाहण्यासारखें आहे.

२००९ साठीं नियमांत मोठी उलथापालथ झाली. मोटारीला जमिनीकडे दाबून धरणारा वाऱ्याचा दाब कमी व्हावा, म्हणजे एकमेकांना ओलांडून जाणें सोपें होईल, हा हेतु. पंखांचे आकार बदलले. मागील बाजूस, जेथें मोटारीखालची हवा बाहेर पडते, त्या निमुळत्या मार्गाच्या उंचीवर बंधन आलें. ब्रेक लावतांना वाया जाणारी शक्ति सांठवून ती पुन्हां वापरण्याचें यंत्र बसविण्याची मुभा मिळाली. २००८ चीं दोन्ही अजिंक्यपदें मॅक्लारेनचा लुइस हॅमिल्टन आणि फेरारीचा संघ यांनीं वांटून घेतलीं होतीं; तेव्हां भाकितांतहि प्रथम तींच नांवें येणें स्वाभाविक होतें. बीएमडब्ल्यूनें तर २००९ हें आपलें अजिंक्यपदाचें वर्ष म्हणून कधींच ठरवून टाकलें होतें.

होंडाचा संघ या चर्चेच्या बाहेर होता. २००८ सालीं तो अकरा संघांच्या क्रमवारींत नववा आला होता. आणि त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत जगावर आलेल्या मंदीचें कारण देऊन होंडानें शर्यतींतून अंग काढून घेतलें. इंग्लंडांतील ब्रॅकले या लहानशा गांवांत संघाचा कारखाना होता. तेथील सातशेंच्या आसपास माणसांच्या पोटावर नाताळच्या तोंडावर गदा आली. गिऱ्हाइक शोधण्यांत हिवाळा गेला. अखेरीस मार्चच्या पहिल्या आठवड्यांत संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन आणि त्यांचे सहकारी यांनींच तो विकत घेतला. खरेदीची नांवापुरती किंमत एक पौंड होती. होंडाच्या इंजिनासाठीं आंखलेल्या सांगाड्यांत मर्सिडीजचें इंजिन घाईघाईनें बसविण्यांत आलें. शेंकडों माणसांना तरीहि काम सोडावें लागलें. मोटारीवर जाहिराती जवळजवळ नव्हत्याच. तिचा पांढरा रंग उघडाच राहिला.

बार्सिलोना येथें ही मोटार सरावाला उतरली आणि उतरतांच तिनें सर्वांना मागें टाकलें. जाणते लोक हंसले. टांकी जवळजवळ रिकामी ठेवून सरावांत वेग दाखवावयाचा आणि जाहिरातदारांना भुलवावयाचें, ही युक्ति जुनी होती; अन्नाला महाग झालेला संघ ती योजील यांत नवल काय? २९ मार्च रोजीं मेलबर्न येथें पहिली शर्यत झाली. जेन्सन बटन पहिला आणि रुबेन्स बारिकेलो दुसरा, असे ब्रॉनच्या दोन्ही मोटारींनीं पहिले दोन क्रमांक घेतले. पहिल्या सात शर्यतींपैकीं सहा बटननें जिंकल्या. ऑक्टोबरांत ब्राझिलमध्यें दोन्ही अजिंक्यपदें या संघाकडे आलीं.

मग या मागचें रहस्य काय? पहिलें हें कीं, होंडानें २००८ चा हंगाम लवकरच सोडून देऊन आपलें सर्व लक्ष नव्या नियमांच्या मोटारीकडे वळविलें होतें. नववा क्रमांक हें दुबळेपणाचें लक्षण नव्हतें. ती पेरणीसाठीं राखून ठेवलेल्या बियाण्याची किंमत होती. ज्यांनीं शेवटच्या शर्यतीपर्यंत २००८ चें अजिंक्यपद लढविलें, त्या फेरारी-मॅक्लारेनला ही उसंत मिळाली नाहीं. दुसरें हें कीं, नियमाचीं अक्षरें पुन्हां एकदां बारकाईनें वाचलीं गेलीं. हवा बाहेर पडण्याच्या मार्गावर उंचीचें बंधन होतें. पण दोन पृष्ठांच्या मधल्या फटींतून हवा वर घेऊन एक दुसरा मजला चढविण्यास त्या शब्दांत अटकाव नव्हता. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तिन्ही संघांना ही फट सांपडली होती. इतरांनीं तक्रार केली. एप्रिलच्या मध्यास न्यायमंडळानें ती रचना नियमाला धरून असल्याचा निवाडा दिला. ७५० किलोग्रॅमच्या सूत्राची आठवण येथें कोणालाहि व्हावी.

परंतु फट सांपडलेले संघ तीन होते आणि जिंकला एकच. टोयोटा आणि विल्यम्स यांना त्या वर्षीं एकहि विजय मिळाला नाहीं. म्हणजे एकच एक युक्ति हें कारण पुरेसें नाहीं. बीएमडब्ल्यूनें तर हंगाम अर्धा सरतांच, जुलै महिन्यांत, शर्यती सोडीत असल्याचें जाहीर केलें. आणि ज्या फोर्स इंडिया या भारतीय मालकीच्या संघाला तोंपर्यंत एकहि गुण मिळाला नव्हता, त्याच्या जियानकार्लो फिसिकेलानें ऑगस्टमध्यें बेल्जियमला सर्वांत पुढची जागा मिळवून दुसरा क्रमांक घेतला! हिवाळ्यांतील यादींत हें लिहिणाऱ्याला वाचकांनीं वेड्यांत काढलें असतें.

तरी भाकितें नेहमींच फसतात असें म्हणणें हीहि एक फसवणूकच होईल. २०१४ सालीं दीड लिटराहून किंचित् मोठें, विजेची जोड असलेलें इंजिन आलें. त्या हिवाळ्यांत मर्सिडीजच्या मोटारी सरावांत निमूटपणें मैलामागून मैल तोडीत होत्या; चार वर्षें अजिंक्य असलेल्या रेड बुलच्या मोटारी मात्र पुन्हां पुन्हां बंद पडत होत्या. जाणत्यांनीं मर्सिडीजचें नांव घेतलें, आणि १९ पैकीं १६ शर्यती मर्सिडीजनें जिंकल्या. या वेळीं भाकीत कां जमलें? कारण लोकांनीं एका फेरीचा वेग पाहिला नाहीं. मोटार दिवसभर चालते कीं नाहीं, हें पाहिलें.

या सर्व हंगामांचा मेळ घालून पाहिला तर भाकीत करणाऱ्यानें कोणते प्रश्न विचारावेत हें बरेंचसें उमगतें. नव्या सूत्राची तयारी कोणीं केव्हां सुरू केली? नियमाचा हेतु आणि नियमाचे शब्द यांतील अंतर कोणाच्या नजरेस आलें? कारखान्यांतून कोण निघून गेलें आणि कोण टिकून राहिलें? मोटार वेगानें धांवते हें ठीक. पण ती मुक्कामाला पोंचते काय? हे प्रश्न विचारूनहि उत्तर चुकणार नाहीं, याची हमी मात्र नाहीं. तार केव्हां तुटेल आणि टायर केव्हां फुटेल, हें कोणत्याहि यादींत लिहितां येत नाहीं.

आणि या यादीच्या तळाशीं ज्यांचीं नांवें असतात, त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट विसरतां कामा नये. २००८ च्या डिसेंबरांत होंडानें टाकून दिलेला ब्रॅकलेचा कारखाना २००९ च्या अखेरीस मर्सिडीजनें विकत घेतला. २०१४ ते २०२१ या काळांत ओळीनें आठ वर्षें संघांचें अजिंक्यपद जिंकणाऱ्या मोटारी ज्या छपराखालीं तयार झाल्या, तें छप्पर हेंच. त्या डिसेंबरांत कारखान्याचीं दारें कायमचीं बंद झालीं असतीं, तर तें कोणत्याहि भाकिताच्या विरुद्ध गेलें नसतें.